काना गावचं लग्न आणि आमचा मामा

वसईत ख्रिस्ती लग्नाच्या मांडवात दारूवरून कुणी नाक मुरडलं की एक उत्तर ठरलेलं असतं. "येशूनं पहिला चमत्कार कुठला केला? काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला की नाही?" हशा होतो, ग्लास पुन्हा भरतात आणि नाक मुरडणारा मुकाट्यानं जेवणाच्या रांगेत जाऊन उभा राहतो. योहानाच्या शुभवर्तमानात त्या लग्नातल्या सहा दगडी रांजणांची मापंही दिली आहेत. आजच्या हिशेबानं सगळे मिळून 500 ते 700 लिटर भरतील. आमच्या मामाला हा हिशेब तोंडपाठ होता, आणि तो सांगताना त्यानं हातातला ग्लास खाली ठेवलेला मी कधी पाहिला नाही.

मामाचं नाव लिहीत नाही. त्याच्या आताच्या संगतीत नाव न सांगण्याची रीत आहे, ती मोडायचा हक्क मला नाही. लिहायला मात्र त्यानं हो म्हटलं, एका अटीवर: "मला संत करू नकोस. आणि मामीला तर मुळीच नको."

तो अंधेरीला एका कारखान्यात फिटर होता. केळी, पानवेल आणि भाजी यांच्यावर घर भागेनासं झालं तेव्हा आमच्याकडच्या पुष्कळ पुरुषांनी वाडी बायकांवर सोपवून लोकल पकडली, त्यांतला एक. आमच्या समाजात दारू लपवून ठेवायची वस्तू नाही. नाताळला घरची वाईन असते, बाप्तिस्म्याला बाटली निघते, हळदीला तर निघतेच. त्यामुळे पिणारा कोण आणि बुडालेला कोण, हे ठरवणं आमच्याकडे फार अवघड जातं. मामा नक्की कधी बुडाला असं विचारलं तर घरातलं प्रत्येक माणूस वेगळं साल सांगतं.

त्यात मामाजवळ स्वतःच्या बाजूचा बिनतोड पुरावा होता. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागली की त्याची दारू बंद. पूर्ण उपवासकाळ, थेट ईस्टरपर्यंत, थेंब नाही. चिडचिड व्हायची, रात्री झोप लागायची नाही, पण पठ्ठ्या पाळायचा. "बघा, मनात आणलं की सोडतो. व्यसन असतं तर जमलं असतं का?" आजी सुखावायची. शेजारी कौतुक करायचे. ईस्टरच्या मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे देवळातली सामुदायिक उपासना, संपली की देवळाच्या मैदानात शुभेच्छा देता-घेता तो हळूच बाजूला व्हायचा आणि सहा आठवड्यांची वसुली तीन दिवसांत करायचा. आता विचार करतो तेव्हा वाटतं, त्याच्या दारूला सगळ्यात भक्कम आडोसा त्या उपवासानंच दिला होता. उरलेलं सगळं वर्ष पिण्याचा परवाना त्याला त्या सहा आठवड्यांतून मिळत होता.

मामीचं काय चाललं होतं ते थोडक्यात सांगतो, कारण तिला ते सविस्तर लिहिलेलं आवडणार नाही. पाटल्या गेल्या. वाडीचा एक तुकडा गेला. ती रडत सल्ला मागायला गेली तेव्हा तिला सांगितलं गेलं, "हा तुझा क्रूस आहे. प्रार्थना कर, सोस." असं सांगणारी माणसं वाईट नव्हती. पण दारुड्याच्या बायकोच्या खांद्यावर क्रूस ठेवून मोकळं होणं फार सोयीचं असतं, आणि सगळ्याच धर्मांना अशी एखादी सोय सापडलेली असते. मामी त्यावर काय म्हणाली ते घरात अजून सांगतात: "येशूचा क्रूस उचलायला निदान वाटेत एक सिमोन तरी मिळाला होता."

मग कुणीतरी एका मोठ्या प्रार्थनासभेबद्दल सांगितलं. हजारो माणसं, मोठमोठे भोंगे, गाणी, साक्षी. मंचावरून सांगण्यात आलं की आजच या क्षणी तुमच्या बेड्या तुटल्या आहेत, बाटल्या फेका, औषधंही फेका. मामा खरोखर हेलावला होता. त्यानं त्या दिवसापासून दारू एकदम तोडली. दुसऱ्या रात्री हात थरथरू लागले, घामानं अंथरूण भिजलं. तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसू लागल्या, तो मामीला ओळखेना, आणि मग फिट आली. जमलेल्यांतले काहीजण म्हणाले, सैतान बाहेर पडतोय. मामीनं रिक्षा बोलावली.

इथे थोडं थांबून लिहायला हवं, कारण हे माहीत नसल्यामुळे माणसं मरतात. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याच्या मेंदूवर दारूचा सतत दाब असतो. त्या दाबाला तोंड देण्यासाठी मेंदू स्वतःला कायम तापलेला ठेवायला शिकतो. दारू अचानक थांबली की दाब जातो, ताप तसाच राहतो. म्हणून कंप, झटके, भास, आणि काही जणांच्या बाबतीत मृत्यू. डॉक्टर अशा वेळी शांत करणारी औषधं देऊन ती हळूहळू उतरवतात, ब जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात, पाणी-क्षार सांभाळतात. साधी, माहीत असलेली गोष्ट आहे. मंचावरून हात उंचावून तिला बगल देता येत नाही. मला त्या सभेत गाणाऱ्या माणसांबद्दल राग नाही, त्यांतले कित्येक मनापासून गात होते. औषधं फेका म्हणणाऱ्याबद्दल मात्र आहे, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

दवाखान्यातून मामा घरी आला तो पिळून काढल्यासारखा. पुढचे काही आठवडे त्यानं प्यायली नाही, मग प्यायली. त्यानंतरच्या एका संध्याकाळी, दुसऱ्या धर्मग्रामातल्या एका वयस्क फादरांनी त्याला आपल्याकडे बोलावलं. उपदेश केला नाही. चहा दिला आणि डब्लिनच्या एका हमालाची गोष्ट सांगितली.

मॅट टॅलबट हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. 1856मध्ये डब्लिनमध्ये जन्म. बारा भावंडांतला दुसरा. बाप पिणारा, भाऊ पिणारे, आणि बाराव्या वर्षी मुलगा कामाला लागला तो दारूच्या व्यापाऱ्याकडे, बाटल्या भरायला. किशोरवयातच तो पट्टीचा पिणारा झाला. आठवड्याचा पगार शनिवारी गुत्त्यात द्यायचा आणि पुढचे दिवस उधारीवर काढायचे, हा शिरस्ता. एकदा त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी रस्त्यावर फिडल वाजवून पोट भरणाऱ्या एका माणसाची फिडलच पळवून विकली आणि त्या पैशांची दारू प्यायली.

1884च्या एका शनिवारी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, तो गुत्त्याच्या कोपऱ्यावर उभा होता. आठवडाभर काम नव्हतं, खिशात दमडी नव्हती. पगार घेऊन येणारे दोस्त एकेक करून समोरून गेले. ज्यांना त्यानं वर्षानुवर्षं पाजली होती त्यांतला एकही "चल आत" म्हणाला नाही. तो घरी गेला. इतक्या लवकर आणि शुद्धीवर आलेला पाहून आई चकित झाली. जेवून तो म्हणाला, मी शपथ घ्यायला जातो. आई म्हणाली, पाळायची असेल तरच घे. तो डब्लिनमधल्याच क्लॉनलिफच्या धर्मगुरूंकडे गेला आणि दारू न पिण्याची शपथ घेतली. किती दिवसांची? तीन महिन्यांची. त्याहून जास्त आपल्याला जमेल असं त्याला वाटलंच नव्हतं.

मामा सांगतो की इथे तो हसला. "तीन महिने? फादर, मी तर दर वर्षी दीड महिना करतो." फादर म्हणाले, "हो, पण तू ईस्टरची वाट बघतोस."

टॅलबटला त्या तीन महिन्यांत कशाची वाट बघावी हेच माहीत नव्हतं. त्याची अडचण फार व्यावहारिक होती: काम सुटल्यापासून झोपेपर्यंतचे तास. डब्लिनमध्ये गरीब मजुराला संध्याकाळी बसायला, ऊब घ्यायला, चार माणसं भेटायला गुत्त्याखेरीज जागा नव्हती. तो चालत सुटायचा आणि दमला की एखाद्या देवळात जाऊन बसायचा. पहाटे कामावर जाण्याआधी मिस्सेला जाऊ लागला. खिशात पैसे ठेवणं त्यानं बंद केलं. तीन महिने संपले तेव्हा मुदत वाढवली, पुन्हा वाढवली, मग जन्मभराची शपथ घेतली. जेमतेम शिकलेला हा माणूस अडखळत संत ऑगस्टीनचं लिखाण वाचायला लागला. गुत्त्यांतल्या उधाऱ्या फेडल्या. त्या फिडलवाल्याला डब्लिनभर शोधत राहिला, तो काही सापडला नाही, तेव्हा त्याच्या नावानं मिस्सा अर्पण करायला पैसे दिले. लाकडाच्या वखारीत हमाली करून मिळालेल्यातलं बरंचसं त्यानं वाटून टाकलं. 7 जून 1925 रोजी, रविवारी, मिस्सेला जाताना ग्रॅनबी लेन नावाच्या गल्लीत तो कोसळला आणि गेला. शपथ घेतल्याला 41 वर्षं झाली होती, मध्ये एकही घोट नाही. 1975मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्याला 'वंदनीय' म्हणून घोषित केलं. त्यालाही आता पन्नास वर्षं होऊन गेली. संतपद अजून मिळालेलं नाही आणि मामाला त्याचं बरं वाटतं. "अजून रांगेत उभा आहे बिचारा, आमच्यासारखाच."

गोष्टीत एक भाग असा आहे जो मला पचत नाही. दवाखान्यात त्याचे कपडे काढले तेव्हा अंगावर साखळ्या निघाल्या. मरियेचा दास म्हणून भक्तीची खूण अशा साखळ्या काही लोक त्या काळी घालत, पण टॅलबटच्या हयातीत हे फार थोड्यांना ठाऊक होतं. तो फळीवर झोपायचा, उशाला लाकडाचा ठोकळा घ्यायचा. एका बंधनातून सुटलेल्यानं स्वतःच्या हातानं दुसरं का घालावं? मी मामाजवळ हे बोललो तेव्हा त्यानं वाद घातला नाही. म्हणाला, "तुला साखळी दिसते. त्याला आपण कुणाचे आहोत हे दिवसभर विसरायचं नसेल." मला हे पूर्ण पटलेलं नाही. शरीराला छळण्याची ओढ व्यसनातही असते, आणि ती देवळात आली म्हणून पवित्र होते असं मला वाटत नाही. पण मी स्वतः काही दारू सोडून दाखवलेली नाही, तेव्हा माझं मत तेवढ्याच किमतीचं.

फादरांनी मामाला शपथ दिली नाही. शपथा त्यानं पुष्कळ घेतल्या होत्या. त्यांनी त्याला एका शाळेच्या वर्गात संध्याकाळी भरणाऱ्या ए.ए.च्या मीटिंगचा पत्ता दिला आणि म्हणाले, "जपमाळ इथे माझ्याबरोबर, खरं बोलणं तिथे त्यांच्याबरोबर."

ए.ए., म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संगत काही ख्रिस्ती संस्था नव्हे. दारू सोडण्याची इच्छा एवढीच तिथली सभासदत्वाची अट, आणि भारतात 1957 पासून तिथे सगळ्या धर्मांची आणि धर्म न मानणारीही माणसं बसत आली आहेत. पण तिची मुळं खणत गेलं की हाताला ख्रिस्ती माती लागते. न्यूयॉर्कचा बिल विल्सन नावाचा शेअरबाजारातला माणूस दारूनं पार धुळीला मिळाला होता. 1934च्या नोव्हेंबरमध्ये त्याचा पिण्यातला जुना दोस्त एबी थॅचर घरी आला आणि पुढे केलेला ग्लास त्यानं नाकारला. तो ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीत गेला होता. स्वतःला देवाच्या हवाली करा, आपली पापं दुसऱ्या माणसाजवळ बोलून दाखवा, ज्यांचं नुकसान केलं त्यांना भरपाई करा, रोज सकाळी शांत बसा, अशी त्यांची शिकवण. डिसेंबरात दवाखान्यात पडलेल्या बिलनं, ज्याचा देवावर धड विश्वासही नव्हता, हाक मारली. खोली प्रकाशानं भरल्यासारखी झाली, असं त्यानं पुढे सांगितलं. आपल्याला वेड लागलं की काय असं त्यानं डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर सिल्कवर्थ म्हणाले, जे काही आहे ते धरून ठेव. बिल 1971मध्ये वारला, पुन्हा कधी प्यायला नाही.

लोकांना या गोष्टीतला तो प्रकाश फार आवडतो. मला त्याच्यानंतरचे महिने आवडतात. बिलनं दिसेल त्या दारुड्याला आपला प्रकाश सांगायला सुरुवात केली आणि एकही माणूस सुधारला नाही. सिल्कवर्थनीच त्याला समजावलं की प्रवचन बंद कर, आधी आजाराबद्दल बोल. मे 1935मध्ये तो ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी धंद्याच्या कामाला गेला, काम फसलं, आणि हॉटेलात एका बाजूला बार दिसत असताना त्याला कळलं की आपल्याला कुणाला वाचवायचं नाहीये, स्वतः न पिण्यासाठी एखादा दारुडा हवा आहे. त्यानं देवळांच्या यादीवरून फोन लावले. त्यातून 12 मे रोजी त्याची गाठ डॉक्टर बॉब स्मिथ या, स्वतःच दारूत बुडालेल्या सर्जनशी पडली. पंधरा मिनिटं देतो म्हणणारे डॉक्टर रात्री अकरापर्यंत बसले. तरी मध्ये ते एकदा घसरलेच. एका परिषदेला गेले आणि पिऊन परतले. 10 जूनला त्यांना शस्त्रक्रिया करायची होती आणि हात थरथरत होते, तेव्हा बिलनं स्वतः त्यांना बीअरची बाटली दिली. डॉक्टर बॉबची ती शेवटची. ए.ए. आपला जन्मदिवस त्या तारखेपासून मोजते. म्हणजे ज्या संघटनेनं लाखोंना दारूपासून दूर ठेवलं तिच्या जन्माच्या दिवशी एका प्रार्थना करणाऱ्या माणसानं दुसऱ्या प्रार्थना करणाऱ्या माणसाला, शरीर सांभाळण्यासाठी, बीअर पाजली. औषधं फेका म्हणणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

याकोबाचं पत्र त्या सुरुवातीच्या मंडळींचं लाडकं होतं. त्यात म्हटलं आहे की बरे व्हायचं असेल तर एकमेकांजवळ पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा. आम्ही कॅथलिक लोक पापनिवेदनाला सरावलेले. मामाही जायचा, वर्षातून दोनदा. "मी दारू पितो, फादर." "किती वेळा?" "कधी कधी." झालं. जाळीपलीकडच्या माणसानं आपल्याला ओळखू नये एवढीच काळजी. मीटिंगमध्ये त्याला पहिल्यांदा अशी माणसं भेटली ज्यांना "कधी कधी"चा अर्थ माहीत होता. एक भाजीवाला, एक निवृत्त हवालदार, एक बँकेतला माणूस. सगळे हसले म्हणे, आणि तो त्या हसण्यानं सुटला.

अ‍ॅक्रनमधल्याच सेंट थॉमस हॉस्पिटलात सिस्टर इग्नेशिया नावाच्या एका लहानखुऱ्या नन होत्या. 1939 पासून त्या डॉक्टर बॉबच्या दारुड्या रुग्णांना दाखल करून घेऊ लागल्या, तेही अशा काळात जेव्हा दारुड्यांना खाट द्यायला हॉस्पिटलं तयार नसत. बरा होऊन निघालेल्याला त्या येशूच्या पवित्र हृदयाचा बिल्ला द्यायच्या आणि सांगायच्या, पहिला घोट घ्यावासा वाटला तर घे, पण आधी इथे येऊन हा परत कर. आमच्या प्रत्येक घरात पवित्र हृदयाची तसबीर असते, तिच्यापुढे लाल दिवा असतो. मामा तिच्याखाली बसूनच प्यायचा. त्या तसबिरीचा असाही काही उपयोग असतो हे त्याला एका अमेरिकन ननच्या गोष्टीतून कळलं.

आपल्याकडे या वाटेनं गेलेलं मोठं नाव म्हणजे फादर जो परेरा. त्यांनी 1981मध्ये बांद्र्याला कृपा फाउंडेशन सुरू केलं. ए.ए.ची पद्धत आणि आपले गुरू बी. के. एस. अय्यंगार यांच्याकडून शिकलेला योग, दोन्ही त्यांनी एकत्र आणलं. कॅथलिक धर्मगुरू व्यसनींना शवासन घालायला लावतो याचं तेव्हा काहींना नवल वाटलं होतं. 2009मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. व्यसनानं पहिली तुटते ती शरीराशी असलेली ओळख, ती प्रार्थनेइतकीच श्वासातूनही परत मिळते, हे त्यांना उमगलं होतं असं मला वाटतं.

आता द्राक्षारसाचं. मामानं दारू सोडल्यावर आजीला पहिली काळजी ही पडली की आता मिस्सेत भाकरीबरोबर येणाऱ्या द्राक्षारसाचं काय? प्रॉटेस्टंटांनी हा प्रश्न त्यांच्या परीनं सोडवला होता. अमेरिकेत थॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्यानं 1869मध्ये द्राक्षाचा रस आंबू नये अशी युक्ती काढली, ती मुळात प्रभुभोजनात दारू नको म्हणूनच. बाटलीबंद द्राक्षरसाचा सगळा धंदा तिथून निघाला. आमच्याकडे वाईन लागतेच. पण श्रद्धा अशी की भाकरीत ख्रिस्त पूर्ण असतो, प्याल्याची गरज नाही. दारूच्या आजारात सापडलेल्या धर्मगुरूंनाही जेमतेम आंबलेला रस वापरायची परवानगी मिळू शकते. मामा भाकर घेतो, प्याला कधी समोर आला तर मान झुकवून पुढे जातो. मला वाटायचं त्याला वाईट वाटत असेल. त्यानं मला शास्त्रातली एक गोष्ट दाखवली, जी मी कितीदा ऐकूनही कधी ऐकली नव्हती. क्रूसावर चढवण्याआधी येशूला बोळ मिसळलेला द्राक्षारस दिला, वेदना बधिर व्हाव्यात म्हणून, आणि त्यानं तो घेतला नाही. काना गावचा हिशेब तोंडपाठ असलेल्या मामाला आता ही ओळ तोंडपाठ आहे. लग्नात कुणी काना काढलं तर तो फक्त म्हणतो, "पुढे वाच." मग जेवतो आणि लवकर निघतो.

येशूनं त्याला काय दिलं असं मी त्याला अनेकदा, अनेक प्रकारे विचारलं आहे. मी स्वतः सवयीनं मिस्सेला जाणारा माणूस, त्यामुळे प्रश्नात थोडा खवचटपणाही असेल. बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षं आजारी असलेल्या माणसाला येशू विचारतो, तुला बरं व्हायचंय का? तो माणूस हो म्हणतच नाही. मला कुणी तळ्यात सोडत नाही, माझ्याआधी दुसराच उतरतो, अशी तक्रार सांगत बसतो. मामा म्हणाला, "मी तो. मलाही कुणी हो म्हणायला लावलं नाही. तक्रार ऐकून घेतली आणि ऊठ म्हटलं." पौलानंही रोमकरांना लिहिलं आहेच, की जे करावंसं वाटतं ते माझ्या हातून होत नाही आणि ज्याचा मला तिटकारा तेच मी करतो. सगळ्या उपवासकाळांत मामाला देवापुढे आपली ताकद सिद्ध करायची होती. मग ताकद नाहीच असं त्यानं कबूल केलं, आणि तसं कबूल करूनही आपल्याला कुणी हाकलत नाही हे त्याला कळलं. विश्वास म्हणून तो जे सांगतो ते एवढंच आहे. हे देवळानं दिलं की त्या वर्गातल्या बाकांनी, हे मला वेगळं करता येत नाही आणि त्याला करावंसं वाटत नाही.

मात्र हेही लिहायला हवं की त्याच वर्गात त्याच्या शेजारी बसणारा एक माणूस, मामापेक्षा कितीतरी भाविक, गळ्यात जपमाळ घालणारा, पुन्हा पुन्हा घसरला आणि यकृतानं गेला. त्याच्या मयताला कुणीतरी म्हणालं, विश्वास कमी पडला असेल. मामाला मी इतका संतापलेला प्यायलेल्या दिवसांतही पाहिला नव्हता.

पाटल्या त्यानं परत केल्या. त्याच नाहीत, तशाच घडवून घेतल्या, जादा पाळ्या करून, पुष्कळ वर्षांनी. मामीनं घेतल्या, वजन पाहिलं, कपाटात ठेवल्या आणि सुनेला देऊन टाकल्या. स्वतः एकदाही घातल्या नाहीत. तिनं त्याला माफ केलं का, हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारत नाही. ती गुरुवारी दारुड्यांच्या घरच्यांची वेगळी मीटिंग असते तिथे जाते आणि तिथून बऱ्याच हसऱ्या चेहऱ्यानं परत येते. प्रभूची प्रार्थना म्हणताना "आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो" या ओळीला ती गप्प राहते. मी तिच्या शेजारी बसतो म्हणून मला माहीत आहे. मामाला माहीत आहे की नाही, ठाऊक नाही, बहुधा आहे.

परवा त्याच्याकडे बसलो होतो तेव्हा फोन वाजला. नालासोपाऱ्याचा एक मुलगा, कुणीतरी नंबर दिला होता. मामानं फोन स्पीकरवर ठेवला, कारण त्याला आता कमी ऐकू येतं. मुलगा रडत होता. म्हणाला, काका, मी कालपासून बंद केली, तुमच्या येशूची शपथ घेऊन बंद केली. मामानं विचारलं, शेवटची कधी, रोज किती, हात थरथरतात का, काही दिसतंय का. मग म्हणाला, "घरात कोण आहे? आईला फोन दे. आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात जायचं, दारू तोडली म्हणून स्पष्ट सांगायचं, लाजायचं नाही. मी तिथेच येतो."

मुलानं विचारलं, "मला ख्रिस्ती व्हावं लागेल का?"

"नाही रे बाबा. तुला आधी सलाईन लागेल."

"आणि प्रार्थना?"

"ती मी रिक्षात करतो," म्हणत मामा चपला शोधू लागला.